आधी वयाने भाग

प्रिय डॉक्टर,

परवा फोनवर तू विचारलंस, कुणाचा पायरिया, म्हणजे हिरड्यांचा आणि दाताच्या हाडाचा रोग, वाढत जाणार हे आधी ओळखायचं कसं. खुर्चीवर पेशंट होता, म्हणून 'चार्टिंग नीट कर', म्हणजे हिरड्यांची मापं नीट लिही, एवढंच बोललो. आज ऊन असं तापलंय की दुपारी इतवारीतून कुणी फिरकायचं नाही. तेव्हा सविस्तर लिहितो.

तू पाठवलेले दोन एक्स-रे पुन्हा पाहिले. आजोबा सत्तरचे, दातांवर टार्टरचे थर, सगळ्यांत खराब दाताभोवतीचं हाड ३० टक्के गेलेलं. दुसरा पोरगा ३४ वर्षांचा, दात स्वच्छ, पण पहिल्या दाढेपाशी हाड ५० टक्के गायब. तू आजोबांना तीन महिन्यांनी बोलावलंस आणि पोराला वर्षाने. उलटं केलंस, बाई! हाडाच्या टक्क्यांना वयाने भाग. आजोबांचे येतात ०.४३, पोराचे १.४७. हिरड्यांच्या रोगांच्या २०१८च्या वर्गीकरणात हा भागाकार १च्या वर गेला की ग्रेड 'सी', म्हणजे झपाट्याने वाढणारा. त्यात पुन्हा घाण थोडी आणि नुकसान भारी. मला तर अशा तोंडाचीच जास्त धास्ती वाटते.

घाणीवरून अंदाज बांधायची सवय मलाही होती. ती मोडली श्रीलंकेच्या चहामळ्यांतल्या ४८० मजुरांच्या अभ्यासाने. तो १९८६ साली छापून आला. दात घासण्याची सवय कुणालाच नव्हती. तरी ८ टक्के लोकांचा रोग झपाट्याने वाढला, आणि ११ टक्के हिरड्यांच्या सुजेपुढे गेलेच नाहीत.

आता रक्ताचं. उपचारानंतर प्रोब, म्हणजे हिरडीची खोली मोजायची बारीक सळई, फिरवल्यावर १० टक्क्यांहून कमी जागी रक्त आलं तर निवांत राहा, २५च्या वर गेलं तर सावध हो. ५ मिलिमीटर किंवा त्याहून खोल पॉकेट, म्हणजे दात आणि हिरडीमधल्या खाचा, चारापर्यंत उरले तर चालतं, आठाच्या वर नको. पण सिगारेट ओढणाऱ्याच्या हिरडीतून रक्त कमी येतं, रोग असला तरी. 'रक्त तं येतच नाही डॉक्टर, मंग कायले टोचता?' असं म्हणणाऱ्या एकाला मी तरुणपणी स्केलिंग करून घरी पाठवलं होतं. चार वर्षांनी आला तेव्हा खालचे पुढचे दात जिभेने हलत होते.

ग्रेडच्या तक्त्यात दिवसाला १० सिगारेटींची रेघ आहे. आपल्याकडच्या खर्र्याला, त्या तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाला, तिथे जागा नाही, म्हणून तो सोडून द्यायचा नाही. 'खाता का?' असं विचारलंस तर सगळे नाहीच म्हणतील. 'एक खर्रा किती वेळ पुरतो?' असं विचार, आणि गालात तो जिथे धरतात तिथली हिरडी उतरली आहे का बघ. तिथला पांढरा चट्टाही नजरेतून सुटू देऊ नकोस, ते दुखणं पायरियाहून मोठं असू शकतं.

शुगरही तोंडी विचारून भागत नाही. एचबीए१सीचा, म्हणजे तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेचा, रिपोर्ट हातात घे. मधुमेह आहे आणि आकडा ७ किंवा वर, तर ग्रेड थेट 'सी'.

त्या पोराला आजच फोन लाव. रिपोर्ट घेऊनच ये म्हणावं, आणि आला की प्रत्येक दाताभोवती सहाही जागी प्रोबने खोली मोज. घाईत असलीस की तू चारच मोजतेस, मी पाहिलंय.

तुझा,
सर