नावाचा अर्थ चुकला, आता बाळाचे कसे होईल?

बाळाचे नाव ठेवून झाले आणि नंतर त्याचा अर्थ भलताच निघाला, आता काय करावे, हा प्रश्न धुळ्यात समुपदेशन करताना मला अलीकडे वारंवार ऐकावा लागतो. विचारणारी बहुधा नुकतीच आई झालेली असते, नाव तिनेच मोबाइलवर शोधलेले असते आणि घरात कुणीतरी तिला त्यावरून बोललेले असते. अशाच एका कुटुंबाची हकीकत, ओळखीचे तपशील बदलून, येथे सांगते.

अमळनेर तालुक्यातील या सूनबाईंनी मुलासाठी ‘आरव’ हे नाव निवडले होते. संकेतस्थळावर त्याचा अर्थ ‘शांत’ असा दिला होता आणि बारशाला आत्याने ते बाळाच्या कानात सांगितले तेव्हा सर्वांना आवडलेही होते. पुढे बाळ रात्ररात्र रडू लागले. त्याच सुमारास गावातल्या एका शिक्षकांनी सहज सांगितले की, संस्कृतात आरव म्हणजे आवाज, ओरडणे. कोंबडा आरवतो, त्यातलेच हे नाव. सासूबाईंना रडण्याचे कारण सापडले.

मी आधी त्यांना बालरोगतज्ज्ञांकडे पाठवले. बाळाचे वजन नीट वाढत होते आणि प्रकृती उत्तम होती. निरोगी बाळांचे रडणेसुद्धा साधारण सहाव्या आठवड्याच्या सुमारास सर्वांत जास्त असते आणि तीन-चार महिन्यांत ओसरते, हे मी समजावले. सूनबाईंना ते पटले, तरी भीती गेली नाही.

“शिक्षकांचे बोलणे ऐकल्यावर तुम्ही मनात स्वतःला काय म्हणालात?” मी विचारले.

बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, “मॅडम, एवढी एकच गोष्ट माझ्या मनासारखी होऊ दिली होती, आणि तीही मी बिघडवली.”

माणसाला घटनेपेक्षा तिच्याविषयी त्याने मनात घोकलेले वाक्य अधिक छळते, अशी माझी जुनी धारणा आहे. येथे ते वाक्य बाळाच्या नावाविषयी नव्हतेच. घरातल्या स्वतःच्या जागेविषयी होते. म्हणून पुढच्या भेटीला मी सासूबाईंनाही बोलावले.

“मावशी, तुमच्या मालकांचे नाव काय होते?” मी विचारले. त्यांनी रिवाजाप्रमाणे सुनेकडे पाहिले आणि सून म्हणाली, “उखा.”

खानदेशात हे नाव उलगडून सांगावे लागत नाही. आधीची मुले दगावली की पुढचे मूल जगावे म्हणून त्याला उकिरड्यावरचे नाव देत; उखा, उखर्डू, दगडू, धोंडू ही सारी नावे त्याच धास्तावलेल्या मायेतून आली आहेत.

“मग त्या नावाने त्यांचे काही वाईट झाले का?”

सासूबाई थांबल्या. “नाव उखा व्हतं, पन मानूस लाखमा एक व्हता,” असे म्हणून त्या पतीविषयी बोलू लागल्या आणि बोलता बोलता त्यांनीच सुनेला सांगितले की, तिनेही पोराचे भलेच चिंतून नाव निवडले होते. हेच मी समजावून सांगितले असते, तर दोघींनी मान डोलावली असती आणि घरी जाऊन वाद पुन्हा सुरू झाला असता. उत्तर घरातच असते, ते घरच्या माणसाच्या तोंडून यावे लागते, हे ओळखायला मला इतक्या वर्षांचा सराव उपयोगी पडतो.

ज्यांचे नाव ठेवणे अजून बाकी आहे त्यांनी मोबाइलवरच्या यादीवर विसंबू नये, शब्दकोश उघडावा. ‘विहान’ म्हणजे पहाट, हा अर्थ कोशात खरोखर सापडतो. ‘कियारा’चे मूळ इटालियन असून अर्थ तेजस्वी, स्वच्छ असा आहे. मूळ परके म्हणून नाव टाकून देण्याचे मात्र कारण नाही. आपल्या गुलाबरावांमधला गुलाबही फारसीतूनच आला आहे.

घाईचेही कारण नाही. जन्माची नोंद २१ दिवसांत करावी लागते, पण नाव नोंदीनंतर १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येते. शिवाय १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांवर मुलाच्या नावानंतर आईचे, मग वडिलांचे नाव लागते. तेव्हा निवडलेले नाव आईच्या नावासह एकदा मोठ्याने म्हणून पाहावे आणि त्या वेळी सासूबाईंनाही जवळ बसवावे.