प्रचंड ट्रॅफिकमध्ये पोहोचायची वेळ कोणतं नेव्हिगेशन ॲप जास्त अचूक सांगतं?

मुंबई-पुण्यात मी गूगल मॅप्सवर जास्त भरवसा ठेवतो. ते रस्त्यावरच्या फोनांच्या वेगावरून गर्दी ओळखतं, आणि आपल्याकडे बहुतेक फोन अँड्रॉइड आहेत, म्हणजे माहितीचा पुरवठा भरपूर.

पण त्याची मर्यादाही तिथेच आहे. २०२० साली बर्लिनमध्ये सायमन वेकर्ट या कलाकाराने ९९ फोन हातगाडीत घालून मोकळ्या रस्त्यावरून हळूहळू ओढले, तर नकाशावर तो रस्ता लाल झाला! नुसत्या वेगावरून त्यामागचं कारण कळत नाही. सबवेत अचानक पाणी तुंबलं की अंदाज कोलमडतो.

अशा वेळी वेझ हे ॲप उपयोगी पडतं, कारण त्यात चालक स्वतः अपघात, बंद रस्ते कळवतात. (२०१३ पासून तेही गूगलचंच आहे.) मात्र कळवणारे कमी असतील तर त्याचा फारसा फायदा नाही. उड्डाणपुलावर चढायचं की खालून जायचं, हा गोंधळ होत असेल तर मॅपल्स या भारतीय नकाशा ॲपमधली चौकांची थ्रीडी दृश्यं जरूर बघा.

दुचाकीवर असाल तर गूगलमध्ये दुचाकीचाच पर्याय निवडा. कारची वेळ तुम्हाला लागू पडत नाही. आणि खरी तुलना हवी असेल तर रोजच्याच रस्त्यावर आठवडाभर, निघतानाच गूगल आणि वेझ या दोन्ही ॲपनी सांगितलेली वेळ लिहून ठेवा. वाटेत ती बदलत राहते, म्हणून शेवटचा आकडा नेहमीच बरोबर वाटतो.