कुस्तीच्या मैदानात निवेदक विनोद करतात, त्यानं पैलवानाचं लक्ष उडत नाही का? आणि हे विनोद ऐन वेळी सुचतात कसे?

नाही उडत. खरं तर उत्तर एवढंच. पण हाच प्रश्न मला एकदा यात्रा कमिटीच्या खोलीत, मानधनाचं पाकीट हातात पडायच्या आधी विचारला गेलाय, आणि विचारणाऱ्यांनी उत्तर आधीच ठरवून ठेवलं होतं. त्यामुळं लांबण लागणार, आत्ताच सांगून ठेवतो.

मी सांगलीकडच्या वाळवा-शिराळा भागात यात्रेजत्रेच्या मैदानांना निवेदन करतो. शंकर पुजारींसारख्या नावाजलेल्या कुस्ती निवेदकांना ऐकत ऐकत तयार झालो. शाहू महाराजांनी बांधलेल्या कोल्हापूरच्या खासबाग मैदानात हौदा, म्हणजे कुस्तीची मातीची जागा, मधोमध खोलात आणि माणसं चारी बाजूंनी वर, त्यामुळं शेवटच्या माणसालाही डाव दिसतो. आमच्याकडं मैदान म्हणजे कुणाचंतरी रान. मागच्या चार रांगांना पैलवानांची नुसती डोकी दिसतात. त्या लोकांना कुस्ती माझ्या तोंडूनच बघायची असते, हे आधी लक्षात घ्या.

तर चैत्रातली यात्रा. 1 नंबरची कुस्ती, एक पैलवान गावचा, दुसरा कोल्हापूरच्या तालमीतला. हात मिळाले आणि खडाखडी, म्हणजे उभ्याउभ्या नुसती हात-मानेची झटापट, सुरू झाली. ती संपेचना. मॅटवर हे लाड चालत नाहीत. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, आणि कुणी नुसतं टाळत राहिला की पंच त्याच्यावर 30 सेकंदांचं घड्याळ लावतात. तेवढ्यात गुण घेतला नाही तर समोरच्याला आयता गुण. मातीत गुणच नाहीत. पाठ लागली तर कुस्ती, नाहीतर दोघं घाम गाळत मान घासत राहणार आणि शेवटी बरोबरीत सोडवा म्हणून वस्ताद मंडळी आत येणार. लोक उठायला लागले. हलगीवाल्यानं हलगी काखेत मारली आणि तंबाखू मळायला घेतली. व्यासपीठावरचे एक देणगीदार तेवढ्यात माझ्याकडं चिठ्ठ्यांवर चिठ्ठ्या पाठवत होते. चिठ्ठीत इनामाचा आकडा नसायचा, नुसतं त्यांचं स्वतःचं नाव, माईकवरून पुकारायला.

मी म्हणालो, "पैलवान, अजून थोडा वेळ असेच हातात हात घेऊन उभे राहिलात तर लोक अक्षता टाकतील!"

फड हसला. कोल्हापूरचा हसला, गावचा हसला, आतले पंच फेट्याचा शेमला तोंडावर धरून हसले. दोघांनी हात सोडले, माती घेतली, अंगाला चोळली, परत हात मिळवले. मग कोल्हापूरच्यानं पट काढला आणि कब्जा घेतला. गावचा पैलवान खाली जाऊनही दम धरून होता. एकदा तर निसटून उठला, उभा राहिला, टाळ्या घेतल्या. परत खाली गेला तेव्हा मात्र घिस्सा डाव बसला आणि त्यानं पाठीवर पडून आस्मान बघितलं.

रात्री कमिटीतले एक मोठे गृहस्थ म्हणतात, "निवेदक, तुमच्या अक्षतांनी आमचा पैलवान घालवला." पाकीट ठरल्यापेक्षा हलकं निघालं.

आता तुम्हीच सांगा. हसले दोघंही, मग लक्ष एकाचंच कसं उडलं? झोंबी लागली की पैलवानाला स्वतःच्या वस्तादाचा आवाज ऐकू येत नाही, माझा माईक कुठला येतोय? विनोद करायचा तो हात सुटलेले असताना, माती चोळताना, लंगोट सावरताना. डाव बसत असताना निवेदकानं फक्त डावाचं नाव घ्यायचं. हे मी त्या रात्रीही सांगितलं, पण त्या खोलीत ऐकायला कोण बसलं होतं?

पुढच्या वर्षी दुसरा निवेदक आणला. त्यानं काय केलं, तर शेजारच्या गावचं मिसरूड न फुटलेलं पोरगं पडल्यावर माईकवरून म्हणाला, "याचं दूध बंद करा आणि शेळ्या राखायला पाठवा." पोराचा बाप कडेलाच बसलेला. कमिटीतलं कुणी हूं की चूं केलं नाही, कारण पोरगं परगावचं. लक्ष उडण्याची काळजी कुणाला नसते हो. आपला पडला की विनोद वाईट, दुसऱ्याचा पडला की करमणूक.

आणि खेळाडूला तुम्ही समजता तितका हसण्याचा त्रास होत नाही. 2018 च्या मेलबर्न कसोटीत ऑस्ट्रेलियाचा कर्णधार टिम पेन यष्टीमागून ऋषभ पंतला 'आमची पोरं सांभाळायला ये, मी बायकोला घेऊन सिनेमाला जातो' म्हणत होता. पंतनंही नंतर त्याची 'तात्पुरता कॅप्टन' म्हणून फेड केली, भारत 137 धावांनी जिंकला, आणि नवीन वर्षाच्या पहिल्या दिवशी पंतचा पेनच्या बाळाला कडेवर घेतलेला फोटो आला. 2024 ला रांचीत सर्फराझ हेल्मेटशिवाय बॅटरच्या तोंडाशी उभा राहिला, तेव्हा कर्णधार रोहितचं 'ए भाई, हीरो नहीं बनने का' स्टंपच्या माईकवर सगळ्यांनी ऐकलं. शिस्तीचा हुकूम होता तो. रागावून दिला असता तर पोरगं बुजलं असतं.

उलट माईकवाल्यांनी खेळाडूंच्या जिभेला भ्यावं. भारताचे जुने क्रिकेट कर्णधार, विजयनगरमचे महाराजकुमार विझी समालोचन करायचे आणि आपण किती वाघ मारले ते ऐकवायचे. वेस्ट इंडिजचा फलंदाज रोहन कन्हाय त्यांना म्हणाला म्हणे, 'मला वाटलं तुम्ही जंगलात रेडिओवर आपलं समालोचन लावून ठेवता आणि वाघ कंटाळून मरतात.'

सुचतात कसे हे राहिलंच. ऐन वेळी फार थोडे सुचतात. मैदानाच्या आधी मी प्रत्येक जोडीच्या वस्तादाकडं जाऊन बसतो. गाव कुठलं, तालीम कुठली, खुराकाला घरातलं कोण काय विकतंय, मागच्या वेळी कुणाकडून पडला, सगळं वहीत लिहून घेतो. विनोद त्या वहीतून निघतो. अक्षतांचाही तसाच, कारण गावच्या पैलवानाची सोयरीक नुकतीच ठरल्याचं त्याच्या वस्तादानं सकाळी चहाला सांगितलं होतं. तो मनापासून हसला ते त्यामुळं. नुसते मोबाइलवरचे चुटके पाठ करून माईक धराल तर दुसऱ्या जोडीला संपाल.

पडलेल्यावर बोलू नका. जो उभा आहे, किंवा व्यासपीठावरून ज्याच्या नावाच्या चार चिठ्ठ्या आल्यात, त्याच्यावर बोला. पाकीट हलकं होईल, पण फड तुमचा होईल.

एक सांगायचं राहिलं. हे सगळं जाणत्या पैलवानांच्या जोडीचं. बारकी पोरं आणि मुलींच्या कुस्त्या असतील तर कुणाच्या अंगकाठीवर, वजनावर चकार शब्द काढायचा नाही, फड कितीही हसो. कबड्डीचं मला विचारू नका. तिथं चढाईच 30 सेकंदांची, विनोद अर्ध्यात येईपर्यंत गडी परत आपल्या अंगणात.

आणि त्या कमिटीतलं कुणी हे वाचत असेल तर, त्या कुस्तीचं चित्रण तुमच्याच गावातल्या दूध डेअरीवरच्या पोराच्या मोबाइलमध्ये आहे. विनोदानंतर तुमचा पैलवान उठून उभा राहतो, टाळ्या घेतो, मग पडतो. नीट बघा. उरलेलं मानधन द्यावंसं वाटलं तर माझा नंबर बदललेला नाही.