उन्हाळ्यात लहान मुलांना मोफत स्प्लॅश पॅडवर नेताना काय बघावं?

जरूर न्या. जमिनीतून कारंजी उडतात, पाणी साचत नाही, त्यामुळे पोहता न येणारं मूलही मनसोक्त खेळतं. सकाळी लवकर गेलात तर गर्दी कमी आणि पायही भाजत नाहीत.

माझा खरा आग्रह पाण्याबद्दल आहे. बऱ्याच ठिकाणी तेच पाणी गाळून, क्लोरीन घालून पुन्हा फिरवतात आणि क्रिप्टोस्पोरिडियम हा जुलाबाचा परजीवी क्लोरीनच्या पाण्यातही काही दिवस तग धरतो. म्हणून मुलांना ते पाणी तोंडात घेऊ देऊ नका, कारंज्यावर बसू देऊ नका. जुलाब होत असतील तर नेऊच नका. डायपर तासाभराने बघा, बदला मात्र पाण्यापासून लांब.

आणि हो, काही ठिकाणी बटण दाबल्यावरच पाणी सुरू होतं. कोरडं दिसलं म्हणून लगेच परत फिरू नका.