मूल होणार नाही, असं धरून चालू नका

इंग्लंडमधल्या लेस्टरच्या एका ताईंचं पत्र आहे. माहेर सांगलीचं. लेक 24 वर्षांची, जन्मापासून सिस्टिक फायब्रोसिस (फुप्फुसात, पोटात घट्ट स्राव साचवणारा आनुवंशिक आजार), त्यावरचं काफ्ट्रिओ हे औषध चालू आहे. डिसेंबरात सांगलीला येऊन तिचं लग्न मामाच्या मुलाशी ठरवायचं चाललंय. ताई विचारतात, ‘अशा मुलींना दिवस राहत नाहीत ना? मग गर्भनिरोधकाची काळजी कशाला? सासूबाई तर म्हणतात, गोळ्यांनी पिशवी खराब होते.’

ताई, दिवस राहतात. मूल होण्याची अडचण या आजाराच्या पुरुषांना असते, कारण बहुतेकांच्यात शुक्रवाहिनी जन्मतःच नसते. बायकांच्यात पिशवीच्या तोंडाशी स्राव घट्ट असतो, त्यामुळे कधी वेळ लागतो, एवढंच. 2020 मध्ये युरोपात काफ्ट्रिओ आलं आणि कित्येकींना ध्यानीमनी नसताना दिवस गेले.

गोळ्यांनी पिशवी खराब होत नाही. मात्र कोणतं साधन चालेल, हे तिच्या बाकीच्या औषधांवर आणि तब्येतीवर ठरतं. काफ्ट्रिओ गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी करत नाही, फक्त दोन्ही बरोबर घेतल्यास अंगावर पुरळ येण्याची शक्यता वाढते. ऑर्कांबी (याच आजाराचं दुसरं औषध) किंवा रिफाम्पिसिन (क्षयावरचं अँटिबायोटिक) घेत असेल तर गोळीवर भरवसा ठेवू नये. शिरेतून औषध द्यायला छातीत कातडीखाली पोर्ट, म्हणजे छोटी डबी, बसवलेली असेल तर रक्ताच्या गुठळीची भीती, म्हणून इस्ट्रोजेनची गोळी शक्यतो टाळतात. तीन महिन्यांचं गर्भनिरोधक इंजेक्शन मला या मुलींसाठी पटत नाही. त्यानं हाडांची घनता उतरते आणि यांची हाडं आधीच नाजूक. तांबी किंवा मिरेना (पिशवीत बसवायचं हार्मोनचं साधन) यांना ही औषधं आड येत नाहीत.

अँटिबायोटिकचा कोर्स झाला की खालची खाज, पांढरं जाणं, खोकताना लघवी निसटणं, हे मुली आईला सांगत नाहीत. डॉक्टरकडे तिला एकटीला आत जाऊ द्या. आणि एवढ्या मोठ्या पत्रात लेकीला हे स्थळ हवंय का, हे कुठंच नाही. तिला आधी विचारा.

तिचा होकार असला तरी सुपारी फोडण्याआधी मुलाची तपासणी हवीच. तुम्ही स्वतः वाहक आहात, म्हणजे तुमच्यात या आजाराचं सदोष जनुक आहे पण आजार नाही; म्हणून तुमचा भाऊ वाहक असण्याची शक्यता निम्मी, भाच्याची पाव. भाचा वाहक निघाला तर प्रत्येक बाळाला हा आजार होण्याची शक्यता निम्मी. लेकीचा जनुकांचा रिपोर्ट बरोबर आणा. तिच्यातले नेमके दोष भाच्यात शोधायला सांगा, कारण परदेशी ठरावीक यादीवरच्या तपासणीत आपल्याकडचे काही दोष सापडत नाहीत. मिरजेच्या डॉक्टरांना तोच कागद दाखवा.