नॅस घेतला, पण सॉफ्टवेअर म्हणतंय लोकल ड्राइव्हच पाहिजे

प्रश्न : लग्नाचे फोटो करतो, एरंडवण्यात छोटा स्टुडिओ आहे. सगळं नॅसवर (नेटवर्कला जोडलेला स्टोरेजचा डबा) हलवलं तर फोटो एडिटिंगचं लाइटरूम क्लासिक त्याचा कॅटलॉगच, म्हणजे फोटोंची नोंदवहीच, उघडेना. ड्राइव्हला झेड लेटर देऊन पण तेच.

लेटर दिलं म्हणून काही होत नाही हो, लाइटरूमला कळतं की ही नेटवर्कची जागा आहे. कॅटलॉग म्हणजे आतून एसक्यूलाइटचा, म्हणजे एकाच फाइलमध्ये मावणारा डेटाबेस, आणि अशा फाइलचं लॉकिंग (एकजण लिहीत असताना दुसऱ्याला थांबवणं) नेटवर्कवर भरवशाचं नसतं म्हणून अडोबीने ते मुद्दाम बंद ठेवलंय. कॅटलॉग आणि प्रिव्ह्यू पीसीच्या एसएसडीवर ठेवा, रॉ फोटो खुशाल नॅसवर राहू द्या, ते चालतं. फक्त कॅटलॉगचा बॅकअप रोज नॅसवर जाईल असं बघा. आणि वायफायवर नको, गिगाबिट केबल टाका, सेकंदाला शंभर-एकशे दहा एमबी तरी मिळतात.

प्रश्न : एक्सप्लोररमध्ये झेड ड्राइव्ह दिसतो, पण आमचं अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवलं की गायब.

हे फार जणांना छळतं. विंडोज एकाच युजरला दोन वेगळी लॉगिन सेशन देतं, एक साधं आणि एक ॲडमिनचं, आणि मॅप केलेला (म्हणजे लेटर देऊन जोडलेला) ड्राइव्ह ज्या सेशनमध्ये केला तिथेच दिसतो. सोपा उपाय म्हणजे कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडून तिथे पण नेट यूज या कमांडने तोच ड्राइव्ह मॅप करायचा. कायमचं हवं तर रजिस्ट्रीत एनेबल-लिंक्ड-कनेक्शन्स नावाची व्हॅल्यू १ करून रीस्टार्ट मारा. पण सॉफ्टवेअर सर्व्हिस म्हणून, म्हणजे कुणी लॉगिन न करता मागच्या मागे, चालत असेल तर यातलं काहीच उपयोगी नाही, तिथे लेटर विसरा, दोन उलट्या स्लॅशवाला पूर्ण पाथ द्या आणि सर्व्हिस अशा युजरवर चालवा ज्याचं नाव-पासवर्ड नॅसवर पण आहे.

प्रश्न : वनड्राइव्हचं फोल्डर नॅसवर ठेवायचंय, सिमलिंक (फोल्डर इथेच आहे असं भासवणारी लिंक) केली तर?

नका करू. मायक्रोसॉफ्टच नेटवर्क ड्राइव्ह चालत नाही म्हणतं. नॅस सिनॉलॉजी कंपनीचा असेल तर त्यात क्लाउड सिंक आहे, ते थेट वनड्राइव्हशी बोलतं, पीसी मध्ये हवाच कशाला.

प्रश्न : मित्र म्हणाला आयस्कझी लाव, मग सगळ्याच सॉफ्टवेअरला लोकल डिस्क वाटते. ऑफिसच्या तिन्ही पीसीवर लावू का?

मित्र बरोबर बोलला, पण अर्धंच. आयस्कझीत नॅस फाइली देत नाही, कोरी डिस्क देतो आणि तिच्यावर एनटीएफएस, म्हणजे फाइली मांडायची विंडोजची पद्धत, तुमचं विंडोज करतं, त्यामुळे हट्टी सॉफ्टवेअर पण गप बसतं, आणि जोडायचं टूल विंडोजमध्येच असतं. पण तीच डिस्क तीन पीसीवर लावली तर प्रत्येकाला वाटणार मालक मीच, एकाच वहीत तिघं एकमेकांकडे न बघता लिहितायत असं होणार, एकाने टाकलेली फाइल दुसऱ्याला दिसणार नाही आणि थोड्याच वेळात फाइल सिस्टमचा बट्ट्याबोळ. एरर पण लगेच येत नाही, हेच वाईट. एक डिस्क एक पीसी, असंच ठेवा. तिघांना सामायिक फाइली हव्या असतील तर साधं शेअर फोल्डरच बरं, आणि तिघांना एकच डेटाबेस हवा असेल तर सर्व्हरवाला डेटाबेस घ्या, फाइलवाला नाही.

अजून एक, नॅसला यूपीएस लावलाय ना? पुण्यात गुरुवारी महावितरणची कामं निघतात, लाइट गेली आणि पीसी इन्व्हर्टरवर चालू, नॅस बंद, असं झालं की विंडोजसाठी चालू असलेली डिस्कच गायब होते. साध्या शेअरवर तेवढ्याने अर्धवट सेव्ह झालेली एखादी फाइल जाते, आयस्कझीवर मात्र अख्ख्या डिस्कला चेकडिस्क (डिस्क तपासून दुरुस्त करणारं विंडोजचं टूल) मारत बसावं लागतं. त्यामुळे नॅस, स्विच (नेटवर्कच्या केबली जोडायचा डबा) आणि पीसी तिन्ही एकाच पॉवर बॅकअपवर घ्या, स्विच लोक हमखास विसरतात.