वाचकांचे प्रश्न : टोचनाची गाडी, बदललेले मॅपिंग आणि एक्झॉस्टचे तापमान

प्रश्न : बंद पडलेल्या गाड्या टोचन करून नेण्याचा माझा कळंबोलीत व्यवसाय आहे. माझ्याकडे बीएस-४ मानकाचा, चार सिलिंडरचा टर्बो डिझेल छोटा ट्रक असून गेल्या वर्षी मी त्याच्या इंजिनाचे मॅपिंग (किती डिझेल केव्हा द्यायचे, हे ठरवणारी संगणकातील मांडणी) बदलून घेतले. तेव्हापासून मागे गाडी जोडलेली असतानाही चढावर ट्रकला दम लागत नाही. खबरदारी म्हणून एक्झॉस्टचे तापमान दाखवणारा मीटरही बसवला आहे. त्याचा प्रोब (तापमान टिपणारे टोक) टर्बोनंतर, सायलेन्सरच्या पाइपात साधारण वीतभर अंतरावर आहे. खोपोलीहून खंडाळ्याचा घाट चढताना काटा ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास राहतो. ‘७०० पर्यंत काळजी करू नका’ असे मीटर बसवणाऱ्याने सांगितले, आणि पाण्याच्या तापमानाचा काटाही मध्यावरच असतो. मग सारे ठीक आहे असे समजावे का?

उत्तर : तुम्हाला सांगितलेला ७०० चा आकडा खोटा नाही, मात्र तो तुमच्या प्रोबच्या जागेचा नाही. बदललेल्या मॅपिंगच्या डिझेल गाड्यांवर ओझे ओढणारे लोक सतत चढावर सुमारे ६७५ ते ७०० अंशांची जी मर्यादा पाळतात, ती टर्बोच्या आधी, म्हणजे सिलिंडरमधून निघणारा वायू गोळा करणाऱ्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये मोजलेल्या तापमानाची असते. इंजिनात जास्त हवा लोटणाऱ्या टर्बोचे चाक फिरते तेच मुळी या वायूतील उष्णता आणि दाब खर्ची घालून, त्यामुळे टर्बोतून बाहेर पडणारा वायू आत शिरणाऱ्या वायूपेक्षा थंड असतो. पूर्ण ओझ्यावर हा फरक शंभर ते दीडशे अंशांचा, कधी त्याहूनही अधिक असतो. इंजिन नुसते चालू ठेवले असताना तो जवळजवळ नाहीसा होतो, त्यामुळे ‘दाखवलेल्या आकड्यात सव्वाशे मिळवा’ असा सोपा हिशेबही इथे चालत नाही. तुमचा काटा ६०० दाखवतो तेव्हा मॅनिफोल्डमध्ये ७०० किंवा ७५० अंश असण्याची दाट शक्यता आहे. ७५० च्या घरातले तापमान एखाद्या ओव्हरटेकपुरते काही सेकंद निभावते. घाटभर दहा-पंधरा मिनिटे निभावेल, यावर मी तरी विसंबणार नाही.

प्रोब टर्बोआधी हलवा, असाच माझा सल्ला आहे. मॅनिफोल्डमध्ये चारही सिलिंडरचे मार्ग जिथे एकत्र येतात, त्या ठिकाणी, टर्बोच्या तोंडाच्या किंचित आधी तो बसवावा आणि त्याचे टोक वायूच्या प्रवाहाच्या मध्यात येईल असे पाहावे. एकाच सिलिंडरच्या मार्गात बसवलेला प्रोब त्या एका सिलिंडरचीच हकिगत सांगतो. या कामासाठी मॅनिफोल्ड खाली उतरवूनच भोक पाडावे आणि आटे पाडावेत. ‘इंजिन चालू ठेवून भोक पाडले की कीस आपोआप उडून जातो’ असे सांगणारे मिस्त्री भेटतात. तो कीस उडतो हे खरे, पण त्याची वाट टर्बोच्या पात्यांमधून जाते. हे काम होईपर्यंत सध्याच्या जागी ५५० अंश हीच मर्यादा धरून चाला.

पाण्याच्या काट्यावर मात्र या बाबतीत भिस्त ठेवू नका. थर्मोस्टॅटमुळे तो काटा मध्यावर राहावा अशीच रचना असते, आणि सिलिंडरमध्ये वाढलेली उष्णता पाण्यापर्यंत पोहोचून तो हलेपर्यंत काही मिनिटे गेलेली असतात. एक्झॉस्टचा काटा काही सेकंदांतच बोलतो. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते आणि पिस्टनचे मिश्रधातू त्याच्याही आधी मऊ पडतात. तरीही पिस्टन टिकतो, कारण त्याची उष्णता रिंगांमार्गे सिलिंडरच्या भिंतीत जाते आणि अनेक इंजिनांत खालून तेलाचा फवाराही त्याला गार ठेवतो. इतकी उष्णता बाहेर काढणे या व्यवस्थेला झेपेनासे झाले, की पिस्टनचा माथा जळू लागतो. पिस्टनचे तापमान चालकाला कळण्याचा सोपा मार्ग नाही, म्हणून त्याच्या सर्वांत जवळचा निरोप देणारा हा मीटर.

पेट्रोल इंजिनावर हात बसलेल्यांचा इथे हमखास गोंधळ होतो. पेट्रोल इंजिन इंधन कमी पडले तर तापते, डिझेल इंजिन इंधन जास्त झाले तर. तुमच्या मॅपिंगने मुख्यतः हेच केले आहे की पायाखाली अधिक डिझेल आले. पण तेवढी हवा टर्बो देऊ शकला नाही, तर उरलेल्या डिझेलचा काळा धूर होतो आणि तापमान चढते. म्हणून चढावर उपाय पायात आणि गिअरमध्ये आहे. चौथ्या गिअरमध्ये कमी आरपीएमवर पाय दाबून रेटण्यापेक्षा तिसरा टाका आणि पाय थोडा वर घ्या. आरपीएम वाढले की टर्बो अधिक हवा देतो, प्रत्येक स्ट्रोकला लागणारे डिझेल कमी होते आणि काटा तुमच्या डोळ्यांदेखत उतरतो. वेग दहा-बारा किलोमीटरने घटेल, तो घटू द्यावा. घोडबंदर रस्त्यावरील गायमुखचा चढ छोटा आहे, तिथे काटा वर जाऊन लगेच परत येतो. खंडाळ्याला तो वर जाऊन तिथेच राहतो, आणि नुकसान त्या राहण्याने होते.

पूर्वीइतकेच ओझे असताना पूर्वीपेक्षा काटा वर जाऊ लागला, तर एअर फिल्टर आणि इंटरकूलरच्या (टर्बोतून येणारी गरम हवा गार करणाऱ्या भागाच्या) होसचे जोड आधी पाहा. मे महिन्याच्या दुपारी थोडी वाढ मात्र गृहीतच धरावी. सारे नीट असूनही टर्बोआधीचा आकडा ७०० च्या खाली येत नसेल, तर मॅपिंग करणाऱ्याकडून टोचनासाठी डिझेल कमी देणारे वेगळे मॅप बनवून घ्या. मला विचाराल तर मूळचेच मॅप परत टाकावे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी जुळणार नाहीत असा बदल मालकाला करता येत नाही, आणि अपघातानंतर विम्याच्या दाव्यात हाच मुद्दा उपस्थित होऊ शकतो.

प्रश्न : माझ्या एक्झॉस्टच्या तापमानाच्या मीटरची इंजिनाजवळची वायर उंदराने कुरतडली. इलेक्ट्रिशियनने डॅशबोर्डपर्यंत साधी तांब्याची वायर जोडून दिली. तेव्हापासून त्याच रस्त्यावर, त्याच ओझ्याला चाळीसएक अंश कमी दिसतात. इंजिन सुधारले का? (कोपरी, ठाणे)

उत्तर : इंजिन होते तसेच आहे, मीटर कमी सांगू लागला आहे. हे प्रोब बहुधा के प्रकारचे थर्मोकपल असतात; वागळे इस्टेट किंवा रबाळ्याच्या कारखान्यांतील भट्ट्यांनाही हेच बसवतात. त्यात क्रोमेल आणि अल्युमेल या दोन मिश्रधातूंच्या तारा टोकाशी जोडलेल्या असतात, आणि दोन टोकांच्या तापमानातील फरकानुसार दर अंशाला सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट इतका सूक्ष्म विद्युतदाब त्यांत निर्माण होतो. म्हणजे थर्मोकपल तापमान मोजत नाही, तापमानातील फरक मोजते. दुसऱ्या टोकाचे तापमान मीटर स्वतःजवळ मोजून त्यात मिळवतो. तांब्याची वायर जोडल्यावर ते दुसरे टोक डॅशबोर्डमागे न राहता बॉनेटखाली आले. तिथे ७५ अंश आणि मीटरजवळ ३५ अंश असतील, तर मधले ४० अंश हिशेबातून गळतात. ओझे ओढणाऱ्या गाडीला ही चूक नेमकी घातक बाजूची आहे. के प्रकारचीच एक्स्टेन्शन वायर घ्या आणि जोडताना धन-ऋण टोके उलटसुलट होऊ देऊ नका.

प्रश्न : घाट चढून आल्यावर इंजिन किती वेळ चालू ठेवून मग बंद करावे? (ऐरोली)

उत्तर : मिनिटांपेक्षा काट्यावर जा. टर्बोआधीचे तापमान २०० अंशांच्या खाली आले की इंजिन बंद करायला हरकत नाही. तापलेला टर्बो एकदम थांबवला तर त्याच्या बेअरिंगमधील तेल जागीच जळून त्याची काजळी धरते. घाटमाथ्यावरून सपाटीवर सावकाश आलात, तर हे तापमान बहुधा वाटेतच उतरलेले असते. चढ संपताच गाडी बाजूला घेतलीत, तर दोन-तीन मिनिटे लागतात, आणि खाली उतरून मागच्या गाडीचा टो-बार आणि साखळी तपासायला तेवढा वेळ लागतोच.